पाडव्याला लक्झरी सेडान घ्यावी की युरोपचा करार लागू होईपर्यंत थांबावं?

एमएच२४_डाळमिल

नमस्कार मंडळी. लातूर एमआयडीसीत डाळमिल आहे. सध्याची गाडी २०१७ ची इनोव्हा, ठणठणीत आहे, त्यामुळं घाई नाही. बजेट ऑन-रोड ८० लाखांपर्यंत. यादीत तीन गाड्या: मर्सिडीजची सी-क्लास, बीएमडब्ल्यूच्या ३ सिरीजमधली लांब गाडी आणि ऑडी ए६. दोन-तीन वर्षं वापरलेली मर्सिडीज ई-क्लास मिळाली तरी चालेल.

वापर महिन्याला साधारण दीड हजार किलोमीटर. रोज घर ते मिल चार किलोमीटर, महिन्यातून दोनदा मुरूड-बार्शी-टेंभुर्णी मार्गे पुणे, एकदा हैदराबाद. मागं वडील बसणार, वय ७४, गुडघे दुखतात.

गोंधळ असा आहे की चार माणसं चार दिशांना ओढलालेत. व्हॉट्सॲपवर फिरतंय की युरोपशी करार झाला, आता या गाड्या निम्म्या किमतीत येणार. शोरूमवाला दिवसाआड फोन करलालाय, पाडव्यानंतर भाव वाढणार म्हणून. सीए म्हणतात ३१ मार्चच्या आत कंपनीच्या नावावर घ्या, घसारा मिळतो. आणि पोरं म्हणतात इलेक्ट्रिकच घ्या. हिशेबानं कोण खरं ते सांगा.

---

शेंद्रा_फाटा

आधी व्हॉट्सॲपचा विषय मिटवू.

भारत आणि युरोपीय संघाच्या व्यापार करारावरची बोलणी पूर्ण झाल्याचं २७ जानेवारी २०२६ ला जाहीर झालं. पण बोलणी पूर्ण होणं वेगळं, सह्या आणि मंजुरी होऊन करार लागू होणं वेगळं. त्यात गाड्यांबद्दल जे ठरलंय ते असं: पूर्ण बांधून आयात होणाऱ्या गाडीवर आजवर ११० टक्क्यांपर्यंत शुल्क होतं, ते टप्प्याटप्प्यानं १० टक्क्यांपर्यंत खाली येणार, तेही वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या कोट्यात.

आता तुमची यादी बघा. सी-क्लास आणि ई-क्लास चाकणला जुळतात, ३ सिरीज चेन्नईला, आणि ए६ तर आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यातच. या गाड्या सुट्या भागांच्या पेटीतून येतात आणि इथं बांधल्या जातात. त्यांच्यावर ११० टक्के शुल्क कधी नव्हतंच, साधारण १५ टक्क्यांच्या घरात आहे आणि तेही फक्त आयात भागांच्या किमतीवर. समजा एका गाडीत ३० लाखांचे आयात भाग आहेत. शुल्क झालं साडेचार लाख. उद्या ते निम्मं झालं तर सव्वादोन लाख वाचले, त्यावरचा जीएसटी धरून तीन-सव्वातीन. आणि सुट्या भागांवरचं शुल्क एका रात्रीत जाणार नाही, पाच ते दहा वर्षांत उतरणार आहे. दुसऱ्या बाजूला युरो. २०२५ मध्ये तो शंभर रुपयांच्या वर गेला. त्याच ३० लाखांच्या भागांवर युरो ५ टक्के चढला की दीड लाख गेले. म्हणजे शुल्कात जे वाचेल ते विनिमय दरात जाऊ शकतं.

करारानं खरा फरक पडेल तो पूर्ण आयात गाड्यांना. स्पोर्ट्स कूपे, मोठ्या इंजिनाच्या खास आवृत्त्या वगैरे. तुमच्या यादीत तसली एकही नाही. निम्मी किंमत विसरा.

जीएसटीचं जे व्हायचं ते २२ सप्टेंबर २०२५ ला होऊन गेलं. दीड लिटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या सेडानवर आधी २८ अधिक २० असा ४८ टक्के कर होता, आता सरळ ४० आणि सेस नाही. म्हणजे मूळ ५० लाखांची गाडी ७४ ची ७० झाली. सी-क्लासमधल्या पेट्रोल सी २०० चं इंजिन १४९६ सीसीचं, त्यामुळं ती आधीपासून ४५ टक्क्यांत होती आणि तिला फायदा कमी झाला. कुणी सेल्सवाला अजून ‘जीएसटी ऑफर’ म्हणून काही दाखवत असेल तर ती ऑफर नाही, कर आहे. सवलत त्याच्या खाली मोजायची.

माझ्या मते थांबायचं की नाही हे करारावर नाही, गाडीची पिढी कुठं आहे यावर ठरतं. ३ सिरीजची ही पिढी जगात २०१८ ला आली, आपल्याकडं २०१९ ला. पुढची दारात उभी आहे. ए६ ची आताची पिढी भारतात ऑक्टोबर २०१९ पासून विकतायत, बाहेर नवीन ए६ २०२५ मध्येच आली. सी-क्लास त्यामानानं नवी, भारतात मे २०२२ ची. तिचीही मधली डागडुजी (फेसलिफ्ट) जवळ आलीय. याउलट लांब ई-क्लास ऑक्टोबर २०२४ ची आणि लांब ५ सिरीज जुलै २०२४ ची. त्या दोन्हींसाठी थांबण्यात काही अर्थ नाही, पण नवीन घ्यायच्या तर बजेटच्या बाहेर जातात.

म्हणून ३ सिरीज किंवा ए६ आत्ता घ्यायची असेल तर ती जाणारी पिढी म्हणून, तशा भावात घ्या. नव्या पिढीचा भाव देऊन जुनी पिढी घेणं हाच यातला एकमेव खरा तोटा. ए६ बद्दल एवढंच की यंत्र म्हणून गाडीत खोट नाही, पण नवीन आकार रस्त्यावर दिसला की जुनीचा पुनर्विक्री भाव एकदम एक पायरी उतरतो. सात-आठ वर्षं ठेवणार असाल तर त्याचं सोयरसुतक नको.

---

रोजमेळ_खतावणी

सीए चूक नाहीत, पण अर्धंच सांगितलंय. कंपनी म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड असेल तर आधी आरटीओचा कर बघा.

महाराष्ट्रात २० लाखांवरच्या गाडीला एकरकमी कर व्यक्तीच्या नावावर पेट्रोलला १३ टक्के, डिझेलला १५. कंपनीच्या नावावर इंधन कुठलंही असो, २० टक्के. एक्स-शोरूम ६२ लाख धरा:

व्यक्ती, पेट्रोल: ८ लाख ६ हजार
व्यक्ती, डिझेल: ९ लाख ३० हजार
कंपनी: १२ लाख ४० हजार

म्हणजे पेट्रोल गाडीला नावापायी ४ लाख ३४ हजार जास्त, आणि तेही पहिल्याच दिवशी. (जुलै २०२५ पासून कराची कमाल मर्यादा २० वरून ३० लाख झाली, पण तुम्ही तिच्या जवळपासही नाही.)

आता मिळतं काय ते. गाडीवर घसारा वर्षाला १५ टक्के. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा, साडेसात. ८० लाखांच्या गाडीवर मार्चमध्ये ६ लाखांची वजावट, पुढच्या वर्षी उरलेल्या ७४ लाखांवर ११ लाख १० हजार. एप्रिलमध्ये घेतली तर पुढच्या वर्षी १२ लाख. म्हणजे मार्च २०२७ अखेर मार्चवाल्याची वजावट १७ लाख १० हजार, एप्रिलवाल्याची १२. फरक ५ लाख १० हजारांचा, २५ टक्क्यांनी कर साधारण १ लाख २८ हजार. आणि हा वाचलेला कर नाही, पुढं ढकललेला आहे. एवढ्यासाठी न आवडलेल्या रंगाची गाडी उचलू नका.

पाच वर्षांत मिळून जवळपास ५२ टक्के घसारा पदरात पडतो, शिवाय व्याज, विमा, इंधन खर्चात. त्यामुळं कंपनीच्या नावानं घेण्यात तोटाच आहे असं नाही. पण तीन वर्षांत विकायची असेल तर वरचे सव्वाचार लाख वसूल होत नाहीत. आणि प्रवासी गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट डाळमिलला मिळत नाही, तो किमतीतच धरायचा. उद्या कंपनीनं गाडी विकली तर विक्री किंमत वजा घसारा जाऊन उरलेली किंमत, या फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो. हे विक्रीच्या वेळी सगळेच विसरतात. फर्म प्रोप्रायटरशिप असेल तर भानगडच नाही, आरसी व्यक्तीच्या नावावर आणि घसाराही मिळतो.

वापरात आलेली म्हणजे नोंदणी होऊन रस्त्यावर आलेली. बुकिंगची पावती ३० मार्चची असून भागत नाही. २०२६ चा गुढीपाडवा १९ मार्चला. त्या आठवड्यात आरटीओत रांग असते, कागद आठवडाभर आधी द्या.

१० लाखांवरच्या गाडीवर डीलर १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) घेतो. ६२ लाखांवर ६२ हजार. तो खर्च नाही, आयकर खात्याच्या २६एएस पत्रकात दिसतो आणि विवरणपत्रात वळता होतो. फक्त ज्याच्या नावावर गाडी त्याचाच पॅन बिलावर बघून घ्या.

भाववाढीच्या भीतीचं गणित. दोन टक्के वाढले तर ६२ लाखांवर सव्वा लाख. तेच पैसे वर्षभर साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत राहिले तर चार लाख व्याज, करापूर्वी. रोख घेणाऱ्याला थांबल्यानं दमडीचाही तोटा नाही. कर्ज काढणार असाल तर ५० लाख, ९ टक्के, ६० हप्ते: महिन्याला १ लाख ३ हजार ८०० च्या आसपास, एकूण व्याज सव्वाबारा लाख. शोरूम ‘हप्ता फक्त ६८ हजार’ म्हणाला तर खाली बारीक अक्षरात शेवटचा मोठा बलून हप्ता असतो. तो किती आणि गाडी परत घेण्याची हमी किती किलोमीटरपर्यंत, हे दोन आकडे लेखी मागा.

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून तीन कोटेशन आणा, त्याच आयडीव्हीला (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि त्याच ॲड-ऑनला. शून्य घसारा, इंजिन संरक्षण, बिल-किमतीची भरपाई, टायर-रिम, एवढे तरी हवेतच. ‘हँडलिंग चार्ज’ खोडायला लावा.

---

गंगाखेड_नाका

लक्झरीच पाहिजे का? कॅमरी हायब्रिड बघितली का? डिसेंबर २०२४ ला ४८ लाख एक्स-शोरूमला आली होती, अडीच लिटर, मागची सीट ऐसपैस. मराठवाड्यात टोयोटाचं जाळं जर्मन गाड्यांपेक्षा कितीतरी दाट. वर्कशॉपात हायब्रिडचं काम शिकलेला माणूस आहे का एवढं मात्र विचारा, नाहीतर गाडी तिथूनही पुण्यालाच जाते.

---

टॉर्क_पाना

मला पैशातलं कळत नाही, रस्त्यातलं कळतं. लातूरकरानं पुढची यादी घेऊन टेस्ट ड्राइव्हला जावं. आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या पुढच्या गुळगुळीत रस्त्यावर नको, स्वतःच्या दारातून मिलपर्यंत मागवा. ८० लाखांच्या गिऱ्हाइकासाठी गाडी घरी येते.

गतिरोधक. लांब सेडान घासते म्हणतात ते अर्धं खरं. भारतीय रस्ते मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, १७ मीटर त्रिज्येचा. ३ मीटर चाकअंतराची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) गाडी त्यावर असताना पोटाखाली साधारण ७ सेंटीमीटर जागा खाल्ली जाते. सी-क्लासचं चाकअंतर २.८६ मीटर, तिची ६. दोन्ही आरामात निघतात. घासतात कुठं, तर गावकऱ्यांनी रात्रीतून डांबराचा ढीग टाकून केलेल्या गतिरोधकावर. तो १५ ते २० सेंटीमीटर उंच आणि जेमतेम मीटरभर रुंद, म्हणजे अख्खा चार चाकांच्या मध्ये मावतो आणि पूर्ण उंची पोटाला भिडते. त्यात चार माणसं आणि डिकी भरली की स्प्रिंग दोन-तीन सेंटीमीटर बसतात. म्हणून टेस्ट ड्राइव्हला चौघं बसा. आणि असला गतिरोधक तिरका घ्या, एका वेळी एक चाक. घरासमोरच्या दोन-तीन गतिरोधकांची उंची टेपनं मोजून ठेवा आणि ब्रोशरमधल्या ग्राउंड क्लिअरन्सशी ताडा.

टायर. आपल्याकडची काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हात आटते, म्हणून नवीन रस्ताही दोन पावसाळ्यांत लाटा घेतो आणि कडेला भेग पडते. या भेगेच्या काठावर कमी जाडीच्या टायरची बाजू चिरते आणि रिम वाकते. त्यामुळं एकाच गाडीला १७ आणि १८ इंची असे दोन पर्याय असतील तर लहान रिम घ्या. २२५/५० आर१७ ची बाजू ११२ मिलिमीटर, २२५/४५ आर१८ ची १०१. दिसायला तो सेंटीमीटर क्षुल्लक वाटतो. खड्ड्यात बसल्यावर रिम आणि डांबर यांच्यामध्ये तोच असतो. रन-फ्लॅट टायर पंक्चर होऊनही ८० च्या वेगानं साधारण ८० किलोमीटर जातं, पण बाजू कडक असल्यानं खड्डा थेट कमरेला कळतो, आणि चिरलं तर बदलावंच लागतं. लातूरहून रात्री निघून अध्येमध्ये कुठं अडकलात तर त्या मापाचं टायर मिळणार नाही. डिकीची फळी उचलून बघा: स्टेपनी आहे, बारीक स्टेपनी आहे, की नुसती फेसाची बाटली? हे बुकिंगच्या आधी.

मुंबईला समृद्धीनं जाणार असाल तर जालन्याला चढाल. तिथं काँक्रीट आणि १२० ची मर्यादा. टायर फुटतं ते जास्त हवेनं नाही, कमी हवेनं. बाजू सतत दुमडते, आतून तापते आणि सुटते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर पाटी असते, त्यात भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा असतो. सकाळी थंड टायरमध्ये तो आकडा भरा. चालून चार-सहा पीएसआय वाढलं म्हणून मध्ये थांबून हवा सोडू नका, तीच मोठी चूक होते.

डिझेल की पेट्रोल. ऑडी भारतात २०२० पासून फक्त पेट्रोल, तिथं निवड नाही. सी-क्लासमध्ये डिझेल आहे. वर्षाला १८ हजार किलोमीटर, डिझेल १५ चा आणि पेट्रोल ११ चा सरासरी धरला तर १२०० लिटर विरुद्ध १६४० लिटर. आजच्या भावानं वर्षाला साठ हजारांच्या आसपास फरक. व्यक्तीच्या नावावर असेल तर आरटीओचा जास्तीचा सव्वा लाख दोन वर्षांत निघतो. पण तुमची रोजची चार किलोमीटरची फेरी डिझेलला घातक आहे. धुरातली काजळी डीपीएफमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरची काजळीची गाळणी) साठते आणि ती जाळायला आत ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं ६० च्या वर सलग चालणं हवं. चार किलोमीटरवर इंजिन नीट तापतही नाही, मध्येच बंद केलं की अर्धवट जळालेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. महिन्यातून तीन लांब फेऱ्या आहेत म्हणून तुमचं निभेल, पण मध्ये पंधरा दिवस खाडा पडला तर औसा रोडला अर्धा तास गाडी पळवून आणायची, पॅडल शिफ्टनं गिअर एक खाली ठेवून. मिलच्या फेरीला इनोव्हाच वापरा. ती विकू नका.

उन्हाळा. ४२-४३ अंशांत आधी जाते ती १२ व्होल्टची बॅटरी. या गाड्यांना एजीएम प्रकारची लागते, आणि बीएमडब्ल्यूत नवीन बॅटरी स्कॅनरनं गाडीत नोंदवावी लागते. नाहीतर गाडी ती जुनीच समजून चार्ज करते आणि वर्षभरात बसवते. गावातल्या बॅटरीवाल्याकडं तो स्कॅनर आहे का ते आधीच माहीत असलेलं बरं.

---

एमएच२४_डाळमिल

मंडळी, एवढं खोलात कुणी सांगितलं नव्हतं. कंपनी प्रायव्हेट लिमिटेडच आहे, म्हणजे २० टक्क्यांचं सीएंना विचारतो.

आता दोन गोष्टी. हैदराबादला एका डीलरनं २०२३ ची ई-क्लास दाखवली, भाव पुण्यापेक्षा पाच लाखांनी कमी. आणि वडिलांच्या गुडघ्याचं कुणी बोललं नाही.

---

चौथा_मालक

२०२३ ची ई-क्लास म्हणजे आधीच्या पिढीची लांब गाडी. मागच्या सीटला आजही तोड नाही. पण पाच लाख कमी हे तेलंगणाचं आरसी धरून आहे. तिथल्या आरटीओकडून फॉर्म २८ चं ना-हरकत आणायचं, आणि महाराष्ट्रात गाडीच्या वयाप्रमाणं कर पुन्हा भरायचा. तिकडं भरलेल्या कराचा परतावा मूळ मालकाच्या नावानं निघतो आणि त्याच्या मागं फिरणं आलं. लातूर आरटीओतून कराचा आकडा काढा, तो पाच लाखांत घाला, मग बोला. बऱ्याचदा फरक उरतच नाही. नवीन गाडी हैदराबादहून घेतली तर प्रश्न सोपा: तात्पुरती नोंदणी, कर आणि कायम नोंदणी थेट एमएच २४.

कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय बयाणा सोडून पैसे देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी.

तपासणी अशी करा. चॅसी नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमधून सर्व्हिसची पूर्ण यादी. स्कॅनर लावून गिअरबॉक्स आणि इतर युनिटमध्ये साठलेलं रनिंग मीटरशी जुळतं का ते. ब्रेक डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, व्हर्नियरनं मोजा. टायरवर चार आकडे असतात, २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या तारखांचे असतील तर कारण विचारा. एअर सस्पेन्शन असेल तर संध्याकाळी चारही चाकांच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजून लिहा आणि सकाळी पुन्हा मोजा. एखादा कोपरा सेंटीमीटरभर बसला असेल तर गळती आहे, आणि ती दुरुस्ती स्वस्त नाही.

पुरातली गाडी ओळखणं यंदा विशेष गरजेचं, सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जे झालं ते बघता. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते. ती कुणी धूत नाही. पुढच्या सीटचे रुळावरचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खळग्यात बारीक माती आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याची रेषा आहे का. अत्तराचा वास जास्त येत असेल तर गालिचा उचलाच.

आणखी एक. एप्रिल २०२३ च्या आधी बनलेली गाडी असेल तर ती ई२० पेट्रोलला (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) चालते का हे मॅन्युअलमध्ये किंवा इंधन झाकणाच्या आत बघा. आपलेच साखर कारखाने इथेनॉल काढतात आणि आपल्याच गाड्यांचे रबर होज त्यात भिजतात. डिझेल असेल तर हा विषय नाही.

---

शेंद्रा_फाटा

गुडघ्याचं. घरात वडील ज्या खुर्चीतून आधाराशिवाय उठतात तिची उंची टेपनं मोजा. मग गाडीच्या मागच्या सीटचा काठ जमिनीपासून किती ते मोजा, माणूस बसल्यावर जितका दबतो तितका वजा करून. खुर्चीपेक्षा खाली आला तर उतरताना रोज कुणीतरी हात द्यावा लागणार. मागचं दार किती उघडतं आणि समोरच्या सीटच्या पाठीपासून गुडघ्याला किती जागा, हेही बघा. पाय आधी बाहेर काढून मग उठायला तीच जागा लागते. लांब गाडीचा खरा फायदा हा आहे, आत पाय पसरण्याचा नाही. गाडी ओट्याला किंवा फुटपाथला लावून उतरवू नका, पायाखालची जमीन वर येते आणि सीट आणखी खोल जाते. वडिलांना घेऊनच शोरूमला जा आणि पाच वेळा बसा-उठायला लावा. पाचव्या वेळी जे दिसेल ते खरं. तिथं इनोव्हाच सोपी ठरली तर सेडानचा विषय तिथंच संपला.

पोरांचं इलेक्ट्रिक राहिलं. ५ टक्के जीएसटी हा मोठा फायदा आहेच. पण घरी ११ किलोवॅटचा चार्जर लावायचा तर थ्री फेज आणि महावितरणकडून मंजूर भार वाढवणं आलं, चांगलं अर्थिंगही. अर्थिंग ढिलं असेल तर गाडी चार्जच घेत नाही. लातूर-पुणे एका चार्जमध्ये होईल, पण परतीची सोय तिथं कुठल्या चार्जरवर हे आधी ठरवून. तुमच्या यादीच्या भावात मागं आरामात बसायची इलेक्ट्रिक सेडान फारशी नाही. हा विषय दोन वर्षांनी काढा.

भावाचं शेवटचं. तेव्हाच्या औरंगाबादेत ऑक्टोबर २०१० मध्ये मंडळींनी मिळून एकाच वेळी १५० मर्सिडीज उचलल्या होत्या. त्यात सवलत गाडीवर मिळाली तशी कर्जाच्या व्याजावरही मिळाली. तुम्हाला दीडशे नकोत, पण लातूर-उदगीरकडचा अजून एक गिऱ्हाईक त्याच महिन्यात त्याच डीलरकडं जाणार असेल तर सोबत जा. रोख सवलत अडली तर वाढीव वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज मागा. वर्कशॉप अडीचशे-तीनशे किलोमीटरवर असताना तेच जास्त कामाचं. कंपनीच्या फॉर्म २२ दाखल्यावर निर्मितीचा महिना बघा. २०२५ ची गाडी २०२६ च्या भावात घेऊ नका, विकताना वर्ष निर्मितीचं धरतात.

---

एमएच२४_डाळमिल

रविवारी वडिलांना घेऊन संभाजीनगरला जातो, टेप घेऊन. हैदराबादवाल्याला तूर्त थांबा म्हणलंय. शेवटचा प्रश्न, हसू नका. गाडी दिवसा मिलच्या आवारात उभी राहणार. गोदामात उंदीर आहेत आणि भुश्याची धूळ. इनोव्हाची वायर दोनदा कुरतडलीय.

---

टॉर्क_पाना

हसण्यासारखं नाही, या गाड्यांत तोच सगळ्यात महाग विषय. एक बारीक वायर तुटली की डॅशवर सहा दिवे लागतात, आणि वर्कशॉप अख्खा हार्नेस म्हणजे वायरींचा जुडगा बदला म्हणतं. एक-दोन वायरी असतील तर सोल्डर करून उष्णतेनं आकसणारी नळी चढवून जोड देता येतो. डेटाच्या दोन वायरी एकमेकींना पिळलेल्या असतात, जोडल्यावर तो पीळ तसाच ठेवायला सांगा. विमा कंपनीकडून उंदरांनी कुरतडलेलं धरतात का हे पॉलिसी घेण्याआधी लेखी घ्या.

विष ठेवू नका, उंदीर मरतो तो बरोबर ब्लोअरच्या तोंडाशी. डांबराच्या गोळ्या बोनेटमध्ये टाकल्या की वास एसीतून आत येतो, वडिलांना त्रास होईल. फवारे आठवडाभर चालतात, मग उंदीर सरावतो. त्यातल्या त्यात हुकमी उपाय म्हणजे गाडी लावली की बोनेट वर करून ठेवणं. उजेड आणि वारा असला की त्याला तिथं घर वाटत नाही. रात्रभर उभी असेल तर आत छोटा दिवा.

धुळीसाठी केबिन फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर बदला. कंडेन्सरच्या पत्र्यांत भुस्सा बसला की मे महिन्यात एसी गार करत नाही आणि लोक गॅस भरत बसतात. साध्या नळाच्या पाण्यानं आतून बाहेर धुवा, प्रेशर पंप लावला की पत्रे आडवे होतात.

आणि शेडला खालून फूटभर जाळी मारून घ्या. पाव इंची. अर्ध्या इंचीतून पिल्लं आत येतात.